डोळ्यांखालचे पांढरे दाणे काढूनही परत का येतात?

खालच्या पापणीच्या कडेपासून गालाच्या हाडापर्यंतच्या पट्ट्यात राजगिऱ्याएवढे पांढरे, टणक आणि अजिबात न दुखणारे उंचवटे ज्यांना दिसतात, त्यांची तक्रार बहुधा दोन शब्दांत मावते: परत येतात. ही तक्रार मी स्वतः सहा वर्षे केली. त्या काळात क्रीम बदलली, साबण बदलला, पार्लर बदलले, आणि शेवटी त्वचारोगतज्ज्ञांच्या खुर्चीत बसल्यावर कळले की आपण उत्तर चुकत नव्हतो, प्रश्नच चुकीचा वाचत होतो. ‘परत येतात’ या दोन शब्दांत तीन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. एक म्हणजे दाणा पूर्ण निघालेलाच नसतो. दुसरी म्हणजे तो निघालेला असतो, पण तो तयार होण्याचे कारण जागच्या जागी असते, त्यामुळे शेजारी नवा तयार होतो. तिसरी, आणि याकडे सर्वांत कमी लक्ष जाते, ती म्हणजे आपण त्याला जे समजतो आहोत ते तो नसतोच. यांपैकी आपले प्रकरण कोणते हे ठरवल्याशिवाय कोणताही उपाय हाती घेऊ नये.

हा दाणा तयार कसा होतो

वैद्यकीय भाषेत या दाण्यांना मिलिया म्हणतात. एकच असेल तर मिलियम. लॅटिनमध्ये मिलियम म्हणजे बाजरी-वरीसारख्या बारीक भरडधान्याचा दाणा. नाव ठेवणाऱ्याने नीट पाहून ठेवले आहे, कारण बाहेर काढलेला मिलियम बोटांत चोळून पाहिला तर तो खरोखरच धान्याच्या कणासारखा लागतो.

त्वचेचा सर्वांत वरचा थर सतत झडत असतो. खालून नव्या पेशी वर सरकतात, वाटेत केराटिन नावाच्या प्रथिनाने भरतात, चपट्या होतात आणि काही आठवड्यांत पृष्ठभागावरून सुटून जातात. आपली नखे आणि केस ज्याचे बनलेले असतात तेच हे केराटिन. बारीक लवेच्या केसाच्या मुळाजवळ किंवा घामाच्या नलिकेत या झडणाऱ्या पेशींना बाहेर पडायला वाट मिळाली नाही, तर त्या तिथेच एकावर एक साचत जातात, त्यांच्याभोवती त्वचेचीच एक पातळ पिशवी असते आणि एक-दोन मिलिमीटरचा मोती तयार होतो. पापणीची त्वचा शरीरात सर्वांत पातळ, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची असल्याने तो तिथे पटकन डोळ्यांत भरतो.

या रचनेतून दोन गोष्टी निघतात आणि घरगुती उपायांपैकी बहुतेक त्या दोन गोष्टींपाशीच फसतात. पहिली अशी, की या पिशवीला पृष्ठभागावर उघडणारे तोंड नसते, म्हणून पुटकुळी दाबून फोडतात तसा मिलियम दाबून निघत नाही; नखांनी कितीही दाबले तरी आजूबाजूची त्वचा काळीनिळी होते आणि दाणा जागचा हलत नाही. दुसरी अशी, की त्याच्या आत पू नसतो आणि जंतूही नसतात, त्यामुळे मुरुमांसाठी दिली जाणारी प्रतिजैविकांची जेल इथे निरुपयोगी ठरते. मिलिया संसर्गजन्य नसतात आणि ‘अंगात उष्णता वाढली’ म्हणूनही येत नाहीत. सब्जा आणि गुलकंद उन्हाळ्यात अवश्य घ्यावेत. फक्त या दाण्यांसाठी घेऊ नयेत.

आधी ओळख पटवा

सकाळी चेहरा नुसत्या पाण्याने धुऊन, काहीही न लावता, खिडकीशी आरसा घेऊन बसावे. मोबाइलचा टॉर्च समोरून न धरता कानाच्या बाजूने तिरपा धरावा, म्हणजे उंचवट्यांच्या सावल्या पडतात आणि त्यांचा आकार कळतो. मग स्वच्छ बोटाने गालाची त्वचा हलकेच खाली ताणावी. मिलियम असेल तर ताणलेल्या त्वचेखाली पांढरा, काठ स्पष्ट असलेला ठिपका आधीपेक्षा ठळक होतो, जणू पातळ कागदाखाली साखरेचा दाणा ठेवला आहे. तो बहुधा सुटा असतो: इथे एक, तिथे दोन. दोन्ही डोळ्यांखाली सारख्याच जागी, सारख्याच संख्येने मिलिया असणे हा नियम नव्हे.

आता याच्या उलट चित्र पाहा. दाणे पांढरेशुभ्र नसून त्वचेच्याच रंगाचे किंवा किंचित पिवळसर आहेत, त्यांचा माथा गोल असण्याऐवजी थोडा चपटा आहे, ते दोन्ही खालच्या पापण्यांवर जवळजवळ सारख्याच मांडणीने पुंजक्यात आले आहेत, वर्षानुवर्षे तेच दाणे त्याच जागी आहेत आणि त्वचा ताणली की ठळक होण्याऐवजी आजूबाजूच्या रंगात मिसळून जातात. हे वर्णन जुळत असेल तर तो बहुधा मिलिया नसून सिरिंगोमा असतो. सिरिंगोमा म्हणजे घामाच्या नलिकेच्या पेशींची निरुपद्रवी वाढ. ती पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक दिसते, वयात आल्यानंतर सुरू होते, हळूहळू संख्येने वाढते आणि काही कुटुंबांत पिढीजात आढळते. काहींना ती उन्हाळ्यात, घाम येण्याच्या दिवसांत जास्त जाणवते, आणि मग ‘उष्णतेचे दाणे’ या समजुतीला बळ मिळते.

मिलियम त्वचेच्या अगदी वरच्या थरात असतो आणि त्याच्या आत बाहेर काढण्यासारखे काहीतरी असते. सिरिंगोमा त्याखालच्या थरात असतो आणि त्याच्या आत बाहेर काढण्यासारखे काहीच नसते, कारण तो पिशवी नसून भरीव ऊती असतो. त्याला सुई लावली तर फक्त रक्त येते, खपली धरते, खपली पडते आणि दाणा पूर्ववत दिसतो. मग आपण म्हणतो, काढला होता, परत आला.

माझे नेमके हेच झाले होते. दोन्ही डोळ्यांखाली मिळून माझे अकरा दाणे होते आणि मी त्या सगळ्यांना सरसकट एकच नाव दिले होते. एका ब्यूटी पार्लरमध्ये फेशियल चालू असताना तिथल्या मुलीने “ताई, हे व्हाइटहेड आहेत, दोन मिनिटांत काढून देते” असे आत्मविश्वासाने सांगितले आणि मीही मान हलवली. दोन मिनिटांची वीस मिनिटे झाली. तिने सुई कापसाने पुसली होती, निर्जंतुक केली नव्हती, हे मला आरशात दिसत होते आणि तरीही मी बोलले नाही, ही चूक तिच्याइतकीच माझीही. दोन दाण्यांतून बारीक पांढरे काहीतरी निघाले, बाकी जागी रक्ताचे थेंब आले. आठवड्याभरात खपल्या पडल्या, दाणे होते तिथेच राहिले आणि त्यांच्याभोवती तपकिरी डाग उमटले, जे पूर्ण जायला आठ महिने लागले. आपल्याकडच्या सावळ्या, गव्हाळ त्वचेत जखम बरी होताना असा काळसर डाग राहण्याचा धोका मोठा असतो, आणि डोळ्यांखालचा डाग मूळ दाण्यापेक्षा कितीतरी लांबून दिसतो. पुढे त्वचारोगतज्ज्ञांनी डर्मोस्कोप, म्हणजे दिवा बसवलेले भिंग, लावून पाहिले तेव्हा अकरांपैकी नऊ सिरिंगोमा निघाले. उरलेले दोन मिलिया होते आणि तेही त्या जुन्या दोन जागी अर्धवट निघून पुन्हा भरलेले. आईच्या आणि मावशीच्या डोळ्यांखाली असेच दाणे आहेत का, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. होते, आम्हाला ते इतके सवयीचे झाले होते की कधी मोजलेच नव्हते.

बाकीची साम्ये पटकन ओळखता येतात. वरच्या पापणीवर नाकाच्या बाजूला चपटा, लोण्याच्या रंगाचा, मऊ पट्टा असेल तर तो झँथेलाझ्मा असतो, म्हणजे त्वचेखाली साचलेले कोलेस्टेरॉल. अशा सुमारे निम्म्या व्यक्तींच्या रक्तातील कोलेस्टेरॉल प्रमाणात असते, तरी लिपिड प्रोफाइलची तपासणी करून घ्यावीच. मिलियाचा मात्र कोलेस्टेरॉलशी संबंध नाही, हे इथे स्पष्ट करायला हवे, कारण पांढरा दाणा दिसला की ‘चरबी वाढली’ म्हणून तूप बंद करणारी मंडळी मी पाहिली आहेत. दाण्याच्या मध्यभागी बेंबीसारखा खळगा असेल, विशेषतः मुलांमध्ये, तर तो मोलस्कम हा विषाणूजन्य आजार असू शकतो. तो स्पर्शाने आणि एकच टॉवेल वापरल्याने पसरतो. रांजणवाडी दुखते, लाल होते आणि पापणीच्या कडेला येते, त्यामुळे तिच्याशी गल्लत व्हायचे कारण नाही.

एका बाबतीत मात्र वाट पाहू नये. उतारवयात खालच्या पापणीवर एकच चकचकीत गाठ आली, ती हळूहळू वाढते आहे, तिच्यावर बारीक रक्तवाहिन्या दिसतात, मध्येच खपली धरते, रक्त येते किंवा त्या जागच्या पापण्यांचे केस गळले आहेत, तर त्याला दाणा न म्हणता थेट डॉक्टरांना दाखवावे, कारण त्वचेच्या एका प्रकारच्या कर्करोगाची ही आवडती जागा आहे.

मिलियाच आहेत, पण नवे येत राहतात

ओळख पटल्यावरही नवे दाणे येत असतील तर संशयाची पहिली सुई डोळ्यांखाली लावल्या जाणाऱ्या पदार्थांकडे वळवावी. घट्ट, चिकट थर देणारे पदार्थ आणि मिलिया यांचा संबंध प्रत्येक व्यक्तीत सिद्ध करता येत नाही, परंतु तो थर थांबवणे हा सर्वांत स्वस्त आणि निर्धोक प्रयोग असल्यामुळे त्वचारोगतज्ज्ञ सुरुवात तिथूनच करतात. व्हॅसलीन, लॅनोलिनयुक्त मलमे, रात्रभर ठेवलेले बदाम तेल, पापण्यांचे केस दाट व्हावेत म्हणून लावलेले एरंडेल, दुधाची साय, आणि कोकणातल्या घरांत हिवाळ्यात हमखास निघणारे भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचे तेल, हे सगळे याच यादीत येतात. भिरंडेल टाचांच्या भेगांना उत्तम आहे. पण टाचेच्या जाड कातडीला जे मानवते ते अर्ध्या मिलिमीटरच्या त्वचेला मानवेलच असे नाही.

प्रयोग करायचा तर तो नीट करावा. सहा ते आठ आठवडे डोळ्यांखाली काहीही लावू नये. उन्हासाठी रुंद कडेची टोपी किंवा गॉगल वापरावा, आणि सनस्क्रीन लावायचेच असेल तर पातळ, जेलसारखे निवडावे. पहिल्या दिवशी वर सांगितल्याप्रमाणे खिडकीशी बसून दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत, दाण्यांची संख्या तारखेसह लिहून ठेवावी, आणि दर पंधरवड्याला त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा फोटो काढावेत. रोज आरशात पाहणाऱ्याला फरक कळत नाही, आणि कळला तरी तो खरा आहे की मनाचा, हे ठरवता येत नाही. फोटो शेजारी शेजारी ठेवले की वाद मिटतो. जुने दाणे या काळात गेले नाहीत तरी निराश होऊ नये, कारण प्रौढांचे मिलिया महिनोन्‌महिने टिकतात. पाहायचे एवढेच, की नवे येणे थांबले का. थांबले असेल तर एकेक पदार्थ तीन-चार आठवड्यांच्या अंतराने परत सुरू करावा. सगळे एकदम सुरू केले तर दोन महिन्यांची मेहनत वाया जाते.

काजळाबद्दल दोन शब्द. काजळ स्वतः दोषी असते असे नाही, पण रात्री ते न काढता झोपणे आणि दुसऱ्या दिवशी टॉवेलने खसाखसा पुसणे, या दोन्ही सवयी वाईट. कापूस ओला करून काही सेकंद पापणीवर ठेवावा आणि मग एकाच दिशेने टिपून घ्यावे. उटणे, साखर, कॉफी असले खरखरीत पदार्थ या भागात चोळू नयेत; मिलियम त्यांच्या खाली सुरक्षित असतो, झीज होते ती त्वचेची.

याहून गंभीर कारण म्हणजे स्टिरॉइड असलेली क्रीम. डोळ्यांखालची काळी वर्तुळे घालवण्यासाठी मेडिकलच्या दुकानातून आणलेल्या, मोमेटासोन (हेच स्टिरॉइड), हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन एकत्र असलेल्या क्रीम अनेक जण महिनोन्‌महिने वापरतात. स्टिरॉइडच्या दीर्घ वापराने त्वचा पातळ होते आणि मिलिया येणे हा त्याचा ज्ञात परिणाम आहे; शिवाय डोळ्यांजवळ ते दीर्घकाळ लावले तर काचबिंदू आणि मोतीबिंदूचा धोका असतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने बाहेरून लावायच्या अनेक स्टिरॉइडांचा समावेश परिशिष्ट ‘एच’मध्ये केला, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम आहे, पण व्यवहारात काउंटरवर नाव सांगितले की ट्यूब मिळते, हे आपण सगळे जाणतो. अशी क्रीम अनेक महिने चालू असेल तर ती मनाने एकदम थांबवू नये, कारण त्वचा लाल होऊन भडकू शकते. घटकांची नावे असलेले खोके घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे.

भाजणे, फोड येणारा आजार, लेझर किंवा त्वचा घासण्याचा उपचार यानंतर त्याच जागी आलेले मिलिया दुय्यम प्रकारचे असतात. त्यात बहुधा घामाच्या नलिकांची तोंडे बंद झालेली असतात आणि त्यांतले बरेच आपोआप जातात. नवजात बाळाच्या नाकावर आणि गालांवर दिसणारे पांढरे ठिपके हेही मिलियाच. जवळजवळ निम्म्या बाळांना ते असतात आणि काही आठवड्यांत काहीही न करता नाहीसे होतात. आजींना कितीही वाटले तरी डाळीचे पीठ आणि साय लावून ते चोळू नयेत.

औषध आणि सुई

लावायच्या औषधांमध्ये रेटिनॉइड गटाला काही अर्थ आहे, कारण ती पेशी झडण्याचा वेग आणि रीत सुधारतात. डॉक्टर बहुधा या गटातले ०.१ टक्के अ‍ॅडापालीन सुचवतात. ते मुगाच्या दाण्याहून कमी प्रमाणात, डोळ्याखाली बोटाला लागणाऱ्या हाडाच्या कडेवर, पापणीवर मुळीच नाही, आणि सुरुवातीला आठवड्यातून दोनच रात्री लावायचे असते. परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात. त्याआधी त्वचा कोरडी होते, सोलते, आणि इथेच बहुतेक जण ट्यूब फेकून देतात. गर्भवती असाल किंवा गर्भधारणेचा विचार असेल तर हे औषध वापरू नये. सॅलिसिलिक किंवा ग्लायकोलिक आम्लाची सीरम गालावर चालतात म्हणून डोळ्यांखाली लावणे धोक्याचे आहे. ती पसरून डोळ्यांत जाऊ शकतात. लिंबू, टूथपेस्ट आणि चुना यांच्याबद्दल मी फक्त ‘नको’ एवढेच लिहिते.

एक-दोन ठळक दाणे असतील तर मात्र औषधापेक्षा डॉक्टरांची सुई सरळ. माझ्या दोन मिलियांच्या वेळी मला पाठीवर झोपवून डोळे मिटायला सांगितले, जागा पुसून घेतली आणि निर्जंतुक सुईचे टोक त्वचेत उभे न खुपसता जवळजवळ आडवे धरून दाण्याच्या माथ्यावरची त्वचा केसाएवढी उचकटली. मग लहान कडी असलेल्या एका चपट्या उपकरणाने बाजूने हलका दाब दिला आणि दाणा अख्खा बाहेर आला. डॉक्टरांनी तो गॉझवर ठेवून दाखवला: मोत्याच्या रंगाचा, रव्याच्या कणासारखा गोल आणि कडक. भूल दिली नव्हती. मुंगी चावल्याइतके लागले. अख्खा निघालेला मिलियम त्याच जागी सहसा परत येत नाही. पार्लरमध्ये तो फुटून अर्धाच निघाला होता, पिशवी आत राहिली होती, म्हणून पुन्हा भरला.

सुई साधी दिसते म्हणून घरी करून पाहण्याचा मोह होतो. हात हलला तर समोर डोळा आहे, आरशात डावे-उजवे उलटते, आणि त्वचा ताणून धरायला, उजेड धरायला आणि सुई धरायला मिळून हात तीन लागतात.

सिरिंगोमासाठी वेगळे उपचार असतात: विद्युत सुईने जाळणे किंवा कार्बन डायऑक्साइड लेझर. दोन्हींत एकाहून अधिक बैठका लागू शकतात, डाग राहू शकतो, आणि सिरिंगोमा नव्याने येऊ शकतात, हे डॉक्टरांनी आधी सांगितले पाहिजे; न सांगता कोणी संपूर्ण पॅकेजचे पैसे आगाऊ मागत असेल तर दुसऱ्या तज्ज्ञांचे मत घ्यावे. पहिल्यांदा एकाच बाजूचे दोन दाणे जाळून दोन-तीन महिने त्वचा कशी वागते ते पाहण्याची मागणी रुग्णाने करावी, ती वावगी नाही.

खर्चाची अडचण असेल तर सरकारी आणि महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत, मुंबईत केईएम, शीव किंवा नायर, पुण्यात ससून, त्वचारोगाचे बाह्यरुग्ण विभाग आहेत. अशा विभागांच्या पाटीवर बहुधा ‘त्वचा व गुप्तरोग’ असे लिहिलेले असते आणि ती पाटी वाचून परत फिरणारे लोक आहेत. या विषयाचे शिक्षणच त्वचा, गुप्तरोग आणि कुष्ठरोग असे एकत्र असते, म्हणून पाटी तशी. रांगेतल्या बऱ्याच लोकांना नायटा असतो.

दाणा काढल्यावर दोन दिवस ती जागा फक्त स्वच्छ पाण्याने धुवावी, जखम भरेपर्यंत काजळ आणि मेकअप टाळावा, खपली स्वतःहून पडू द्यावी आणि पुढचे काही आठवडे ऊन सांभाळावे, कारण डाग पडायचा असेल तर तो याच काळात पडतो. माझे दोन्ही मिलिया गेल्याला तीन वर्षे झाली. नऊ सिरिंगोमा मी ठेवून दिले आहेत. गेल्या हिवाळ्यात उजव्या डोळ्याखाली एक नवा पांढरा ठिपका आला, तेव्हा वही काढून पाहिले. तीन आठवड्यांपूर्वी बदललेल्या नाइट क्रीमची नोंद होती. क्रीम बंद केली. ठिपका अजून आहे, पण त्याला जोडीदार आलेला नाही.